भायखळा तुरुंग, १८९७ : साथीची मोजदाद

मुंबईच्या भायखळा भागात ‘हाउस ऑफ करेक्शन’ नावाचा तुरुंग होता. जानेवारी १८९७च्या अखेरच्या आठवड्यात तेथे प्लेग शिरला. शहरात तो चार महिने आधीच आला होता. धान्याच्या वखारींनी भरलेल्या मांडवी भागातील रुग्ण तपासून डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी सप्टेंबर १८९६मध्ये हा गाठीचा प्लेगच असल्याचे निदान केले होते. व्यापाऱ्यांना आणि सरकारलाही ते सुरुवातीला पटवून घ्यायचे नव्हते. डिसेंबरपर्यंत मात्र काखेत किंवा जांघेत गाठ, तीव्र ताप, भ्रम आणि चार-सहा दिवसांत मृत्यू हे चित्र घरोघर दिसू लागले. सुमारे सव्वाआठ लाख वस्तीच्या शहरातून लाखो माणसे कोकणात, देशावर, गुजरातेत आपापल्या गावी निघून गेली. तुरुंगातल्या माणसांना तशी वाट नव्हती.

साथीच्या रोगांच्या इतिहासात या तुरुंगातील पुढचे काही दिवस वारंवार सांगितले जातात ते प्लेगच्या लसीमुळे. त्याच दिवसांकडे बंदिवासातील साथीवर नजर कशी ठेवली जाई, त्या नोंदींतून काय कळले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले, या बाजूने पाहिले तर आणखी बरेच काही दिसते.

तुरुंग आणि साथ यांचे नाते त्या वेळीही जुनेच होते. इंग्लंडमध्ये ‘तुरुंगज्वर’ नावाने ओळखला जाणारा रोग म्हणजे उवांमधून पसरणारा टायफस. ऑक्सफर्डमध्ये १५७७ साली आणि लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात १७५० साली कोठडीतून आणलेल्या आरोपींबरोबर हा ज्वर न्यायदालनात आला आणि न्यायाधीश, पंच, वकील दगावले. लंडनचा लॉर्ड मेयरही त्यात गेला. जॉन हॉवर्ड याने १७७७मध्ये तुरुंगांच्या अवस्थेवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. एकेका तुरुंगात स्वतः जाऊन त्याने खोल्यांची मापे घेतली, आजाऱ्यांची संख्या टिपली, हवा येते कोठून आणि मैला जातो कोठे हे पाहिले. तुरुंगाच्या भिंती माणसाला अडवतात, रोगाला नाही, हे त्याने उघडकीस आणले.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८३६मध्ये तुरुंगांची चौकशी करणारी पहिली मोठी समिती नेमली. १८६४च्या दुसऱ्या समितीने प्रत्येक बंद्याला झोपायला किमान ५४ चौरस फूट जागा असावी अशी शिफारस केली. या शिफारशीमागे दयेपेक्षा मृत्यूंचे आकडे होते. सक्तमजुरीची शिक्षा झालेला माणूस वर्षा-दोन वर्षांत पटकीने, हगवणीने किंवा तापाने मरत असेल, तर न्यायालयाने न दिलेली मृत्युदंडाची शिक्षा तुरुंग देतो आहे, असा त्याचा सरळ अर्थ होता. प्रांतोप्रांतीच्या तुरुंगांचे महानिरीक्षक वार्षिक अहवाल छापू लागले आणि त्यांत सरासरी बंदीसंख्या, रुग्णालयात दाखल झालेले, मृत्यू आणि मृत्यूची कारणे यांचे तक्ते येऊ लागले. पटकीची लक्षणे दिसली की बराकी रिकाम्या करून बंद्यांना पहाऱ्यात मोकळ्या माळावर तंबूंमध्ये हलवण्याची पद्धत रूढ झाली. जंतूची ओळख पटण्याआधीच, केवळ नोंदींच्या आधाराने, जागा बदलली की साथ ओसरते हे तुरुंगाच्या डॉक्टरांना कळले होते.

याच अनुभवावर १८९४चा कारागृह अधिनियम उभा राहिला. आत येणाऱ्या प्रत्येक बंद्याची शक्य तितक्या लवकर वैद्यकीय तपासणी व्हावी, त्याच्या प्रकृतीची नोंद वहीत करावी, आजारी दिसणाऱ्याची खबर विनाविलंब वैद्यकीय अधिकाऱ्याला द्यावी, मृत्यू झाल्यास आजार केव्हा सुरू झाला, त्या दिवशी बंद्याला कोणते काम आणि काय अन्न दिले होते, रुग्णालयात केव्हा नेले हे सर्व लिहून ठेवावे, अशी कलमे त्यात आहेत. सातव्या कलमात तर साथ उद्भवल्यास किंवा तुरुंग सुरक्षितपणे सामावू शकेल त्यापेक्षा बंदी अधिक झाल्यास तात्पुरते तुरुंग उभारावेत असे म्हटले आहे. भायखळ्यात प्लेग शिरला तेव्हा हा कायदा लागू होऊन तीन वर्षेही झाली नव्हती.

शहरातल्या प्लेगची मोजणी करणे जवळजवळ अशक्य झाले होते. घरातला आजारी माणूस लपवला जाई, कारण उघड केले तर त्याला रुग्णालयात नेतील, घर धुऊन काढतील, सामान जाळतील आणि उरलेल्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेतील ही भीती होती. मृत्यूचे कारण म्हणून ‘ताप’ किंवा ‘फुफ्फुसदाह’ लिहून घेतले जाई. रोज किती लोक शहर सोडून जातात याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. त्यामुळे शंभरांत किती जणांना रोग झाला हे सांगण्यासाठी लागणारे शंभर कोण, हेच ठाऊक नव्हते. तुरुंगात मात्र सकाळी बराक उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना गिनती होते. प्रत्येकाचे नाव, वय, आल्याची तारीख वहीत असते. सर्वांचा भाकरतुकडा एकाच भटारखान्यातला, पाणी एकाच साठ्यातले आणि छप्परही एकच. पळून जाऊ नये म्हणून ठेवलेली ही मोजदाद रोगाच्या अभ्यासाला आयती मिळाली. भायखळ्यात जे घडले त्याचे मूळ येथे आहे.

वाल्देमार हाफकीन हे शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आले. जन्म १८६०चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला, ज्यू कुटुंबातला. मेचनिकोव्ह यांचे शिष्य असलेले हाफकीन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत होते. तेथे त्यांनी पटकीवरची लस तयार केली आणि १८९२च्या जुलैत ती स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि बंगाल, बिहार, वायव्य प्रांत येथे हजारोंना त्यांनी ती दिली. १८९४च्या जुलैत गयेच्या तुरुंगात पटकी सुरू झाली तेव्हा तेथील सुमारे निम्म्या बंद्यांना त्यांनी लस टोचली. लस न घेतलेल्यांत २० जण आजारी पडले आणि १० दगावले. घेतलेल्यांत ८ आजारी पडले आणि ५ दगावले. निकाल बरा होता, डोळे दिपवणारा नव्हता. पण साथ चालू असताना एकाच छपराखालच्या दोन गटांची तुलना करता येते हे हाफकीन यांना गयेत समजले. मुंबईत येताना हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना पेटिट प्रयोगशाळेतली एक खोली आणि तिच्याबाहेरचा वऱ्हांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. रुग्णाच्या गाठीतून मिळवलेले प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढवायचे होते. ते पुष्कळ वाढावेत म्हणून हाफकीन यांनी रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले. थेंबांच्या खालच्या बाजूला जंतूंचे पुंजके धरत आणि झुंबरासारखे खाली लोंबू लागत. भांडे हलवले की ते तळाशी बसत आणि वर नवे पुंजके धरू लागत. काही आठवडे असे चालल्यावर सर्व द्रव सुमारे तासभर ६५ ते ७० अंश सेल्सिअस उष्णतेवर ठेवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. पुढे लस मोठ्या प्रमाणावर बनू लागली तेव्हा गोमांस किंवा डुकराचे मांस कोणाच्या शरीरात जाऊ नये म्हणून बकऱ्याचे मांस आम्लात विरघळवून त्याचा रस वापरला गेला. लोकांच्या श्रद्धेचा हा मान राखणे परक्या शास्त्रज्ञाला सुचले, याची नोंद घेतली पाहिजे. त्या काळातल्या अनेक प्लेग अधिकाऱ्यांना ते सुचले नव्हते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. नंतर लोकांना दिलेल्या मात्रेच्या ती तिपटीहून अधिक होती. ताप आला, टोचल्या जागी दुखले आणि उतरले. वीस दिवसांनी भायखळ्याच्या तुरुंगातून बोलावणे आले.

तुरुंगात त्या वेळी सव्वातीनशेहून अधिक बंदी होते. आठवडाभरात अनेक आजारी पडले होते आणि त्यांतले सुमारे निम्मे वाचले नव्हते. ३० जानेवारीला, शनिवारी, बंद्यांना लसीची माहिती देण्यात आली आणि ज्यांची तयारी असेल त्यांनी पुढे यावे असे सांगण्यात आले. १५४ जण पुढे आले. प्रत्येकाला ३ घन सेंटिमीटर मात्रा टोचली गेली. उरलेल्यांनी नकार दिला आणि त्यांच्यावर सक्ती झाली नाही.

लस घेतलेल्यांपैकी तिघांना त्याच दिवशी गाठ उठल्याचे आढळले. तिघेही पुढे मरण पावले. हे तिघे कोणत्या खात्यात धरायचे? लस टोचली तेव्हा रोग त्यांच्या अंगात आधीच होता, म्हणून हाफकीन यांनी त्यांना तुलनेतून वेगळे काढले आणि तसे स्पष्ट लिहिले. मग पुढच्या आठवडाभराची मोजणी झाली. लस न घेतलेल्यांत प्लेगचे १२ रुग्ण निघाले, त्यांतले ६ दगावले. लस घेतलेल्यांत २ रुग्ण निघाले आणि दोघेही बरे झाले. दोन्ही गट आकाराने जवळपास सारखे होते, बराकी त्याच होत्या, अन्न तेच होते.

हे आकडे लहान आहेत. आजच्या कसोटीवर त्यांत एक मोठी उणीवही दिसते. स्वेच्छेने पुढे आलेले आणि मागे राहिलेले हे दोन गट मुळातच सारखे असतील असे नाही. पुढे येणारे कदाचित तरुण, धट्टेकट्टे असतील आणि अशक्त माणसे मागे राहिली असतील. ही शंका त्या वेळच्या डॉक्टरांनाही आली. तिचे उत्तर पुढच्या वर्षी दुसऱ्या एका तुरुंगात शोधण्यात आले.

मधल्या काळात मुंबई इलाख्यात जे घडले ते मराठी वाचकाला परिचित आहे. भायखळ्याच्या त्या शनिवारनंतर पाचव्या दिवशी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग अधिनियम मंजूर झाला आणि घरे तपासण्याचे, माणसे वेगळी ठेवण्याचे, प्रवासी अडवून तपासण्याचे अफाट अधिकार सरकारला मिळाले. १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. सोजिरांकडून होणाऱ्या घरझडत्यांचा संताप शिगेला पोहोचला आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी वॉल्टर रँडवर गोळी झाडली गेली. जुलैत लोकमान्य टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यांचा तुरुंगवास आधी डोंगरीला, मग भायखळ्याला आणि नंतर येरवड्याला घडला. सुटून आले तेव्हा त्यांचे वजन कितीतरी घटले होते. सरकारच्या प्लेगव्यवस्थेवर लिहिणारा संपादक ज्या तीन तुरुंगांतून गेला, त्यांतल्याच दोन तुरुंगांत हाफकीन यांच्या लसीची पारख झाली.

डोंगरीचा तुरुंग म्हणजेच उमरखाडीचा तुरुंग. टिळक तेथून गेल्यानंतर काही महिन्यांनी, वर्षाच्या अखेरीस, तेथे प्लेगचे रुग्ण निघाले. १ जानेवारी १८९८ रोजी तेथल्या सुमारे ४०० बंद्यांपैकी निम्म्यांना लस देण्यात आली, निम्म्यांना नाही. त्यानंतरच्या दिवसांत लस न मिळालेल्यांत १० जणांना प्लेग झाला आणि ६ मरण पावले. लस मिळालेल्यांत ३ जणांना झाला आणि कोणीही मेले नाही. भायखळ्याचा निकाल योगायोग नव्हता हे यातून ठरले.

येथे थांबून विचार करण्याजोगे काही आहे. भायखळ्यात ज्यांनी लस घेतली नाही त्यांनी ती स्वतः नाकारली होती. उमरखाडीत तुलनेसाठी निम्म्यांना वगळले गेले, आणि तोवर लस उपयोगी पडते असे दाखवणारा वर्षभराचा पुरावा हाताशी होता. जे सहा जण गेले त्यांतले काही जण वाचले असते असे मानायला जागा आहे. त्यांना निवडीचा अधिकार नव्हता, त्यांच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांची नावे वैद्यकीय अहवालांत आलेली नाहीत. पुढे लाखो लोकांना टोचलेल्या लसीवरचा विश्वास त्यांच्या मृत्यूंच्या आकड्यावर उभा आहे. हा विश्वास खरा ठरला म्हणून तो मार्ग योग्य ठरत नाही. भायखळ्याच्या १५४ जणांच्या होकाराबद्दलही हाच प्रश्न विचारता येतो, कारण मृत्यू बराकीत आलेला असताना आणि बाहेर पडायची सोय नसताना दिलेली संमती मोकळी असते का? मात्र तेथे निम्म्याहून थोड्या अधिक बंद्यांना ‘नाही’ म्हणता आले आणि ते ‘नाही’ मानले गेले, एवढा फरक लक्षात ठेवायला हवा.

तुरुंगाबाहेर अशी तुलना करण्याचा सर्वांत काटेकोर प्रयत्न फेब्रुवारी १८९८मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी झाला. तेथे कुटुंबे सोबत घेऊन प्रत्येक कुटुंबातल्या सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली गेली. लस घेतलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले व ३ दगावले, तर न घेतलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले व २६ दगावले. उंढेऱ्याला प्रत्येक माणसाची नोंद घेण्यासाठी अधिकाऱ्यांना घरोघर फिरावे लागले. तुरुंगात तीच नोंद गिनतीच्या वहीत तयार असे.

सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने नंतर या सर्व आकड्यांची कसून छाननी केली. काही मोजण्या सैल आहेत असा आक्षेप घेतला, तरी लसीने रोग होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण घटते हे मान्य केले. हाफकीन यांची प्रयोगशाळा १८९९मध्ये परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९०२मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एका बाटलीतील दूषित लसीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले आणि त्याचा ठपका हाफकीन यांच्यावर आला. तो चुकीचा होता हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. परळची ती संस्था १९२५पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

प्लेग ओसरला तशी तुरुंगातील रोगनोंदीची धार बोथट झाली. वह्या राहिल्या, पंधरवड्याला वजन घेण्याचा नियम राहिला, पण त्या नोंदी वाचून काही ठरवणारा माणूस दुर्मीळ झाला. स्वातंत्र्यानंतर तुरुंगाचे कारागृह झाले, कैद्याला बंदी म्हटले जाऊ लागले. कायदा मात्र १८९४चाच चालू राहिला. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने १९८०च्या दशकाच्या आरंभी गर्दी आणि आरोग्यसेवेची दैना दाखवून दिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९९मध्ये दाखल होणाऱ्या प्रत्येक बंद्याच्या आरोग्यतपासणीसाठी एकसारखा नमुना ठरवून राज्यांना पाठवला. १८९४च्या कायद्यात असलेली गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा सांगावी लागली, यातच बरेच काही आले.

मग २०२० साल आले आणि करोनाची साथ आली. महाराष्ट्रातील कारागृहांची अधिकृत क्षमता तेव्हा सुमारे २४ हजार होती आणि आत ३५ हजारांहून अधिक माणसे होती. त्यांतले बहुसंख्य न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची क्षमता ८०४, आणि आत त्याच्या तिपटीहून अधिक बंदी. एकमेकांपासून दोन हात अंतर ठेवण्याची सूचना तेथे पाळणार कशी? रात्री झोपताना कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलावी लागते अशी तेथली जागा.

२३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमून कोणाला सोडता येईल ते ठरवायला सांगितले. एप्रिलमध्ये राज्यातील प्रमुख कारागृहे टाळेबंद झाली. ठरावीक कर्मचारी काही दिवस आतच राहतील, बाहेरचे कोणी आत येणार नाही, अशी व्यवस्था केली गेली. नातलगांच्या मुलाखती बंद झाल्या. तरीही मेच्या पहिल्या आठवड्यात आर्थर रोडमध्ये ७७ बंदी आणि २६ कर्मचारी बाधित निघाले आणि दोन-चार दिवसांतच बाधित बंद्यांचा आकडा दीडशेपलीकडे गेला. त्याच सुमारास भायखळ्याच्या महिला कारागृहातही पहिली रुग्ण आढळली.

साथीवर नजर ठेवणाऱ्यांना येथे एक गोष्ट फार जाणवली. आर्थर रोडचा उद्रेक उघड झाला तो तपासण्या झाल्या म्हणून. जेथे तपासण्या झाल्या नाहीत तेथले आकडे कमी दिसले, आणि कमी आकडा म्हणजे कमी रोग असा समज झाला. केवळ लक्षणे असलेल्यांची तपासणी पुरेशी नाही, बाधिताच्या संपर्कात आलेल्यांचीही व्हावी, आणि प्रत्येक कारागृहातील आकडे जाहीर व्हावेत, या मागण्या घेऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. मुलाखती बंद असल्याने आत काय चालले आहे हे कळण्याचा घरच्यांचा एकमेव मार्ग खुंटला होता, म्हणून दूरध्वनीची सोय हाही त्या खटल्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. न्यायालयाने तपासणीचे निकष पाळण्याच्या सूचना दिल्या. बंद्याच्या आईला मुलाची प्रकृती कळणे हीसुद्धा साथीवरची देखरेखच आहे, कारण आजारी माणूस पहिल्यांदा आपल्या माणसाला सांगतो, वॉर्डरला नंतर.

राज्य सरकारने ८ मे २०२० रोजी संचित व अभिवचन रजेच्या नियमांत दुरुस्ती करून साथीच्या काळातील आपत्कालीन अभिवचन रजेची तरतूद केली. १८९७च्या साथरोग अधिनियमाखाली साथ जाहीर झालेली असणे ही त्या रजेची अट होती. ज्या कायद्याने पुणे-मुंबईच्या घरांत सोजीर शिरले, त्याच कायद्याच्या आधाराने १२३ वर्षांनी बंद्यांना घरी जाता आले. ११ मे रोजी उच्चाधिकार समितीने राज्यातील सुमारे १७ हजार, म्हणजे निम्म्या, बंद्यांना तात्पुरते सोडण्याचा निर्णय घेतला. प्रत्यक्षात सुटका त्याहून कमी आणि संथ झाली. जामीनदार मिळेना, कागद पोहोचेनात, वाहने बंद. नव्याने येणाऱ्यांसाठी शाळा आणि वसतिगृहांत तात्पुरती कारागृहे उभारली गेली, आणि १८९४च्या सातव्या कलमाचा उपयोग अशा रीतीने पुन्हा झाला. सप्टेंबर २०२१मध्ये भायखळ्यात दहा दिवसांत सुमारे ४० जण बाधित निघाले. त्यांत आईसोबत राहणारी ६ मुले होती. लसीकरण तोवर सुरू झाले होते, पण लहान मुलांसाठी ते नव्हते.

करोना गेला तरी कारागृहातला सर्वांत चिवट रोग जागचा हललेला नाही. तो म्हणजे क्षय. जगभरातील पाहण्यांवरून कारागृहातील क्षयरोगाचे प्रमाण बाहेरच्या समाजाच्या सुमारे दहापट आढळते. कारणे साधी आहेत. दाटीची बराक, मोजक्या खिडक्या, कुपोषण, तंबाखू आणि व्यसने, आणि खोकल्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय. एचआयव्हीचेही तसेच. भारतात प्रौढांत त्याचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, तर कारागृहांतील पाहण्यांत ते सुमारे २ टक्के आढळले आहे. आत गेल्यामुळे हे सर्व रोग जडतात असे नाही. ज्या वस्त्यांतून, ज्या परिस्थितीतून माणसे कारागृहात येतात तेथे ते आधीच असतात. म्हणून आत येतानाची तपासणी ही त्या माणसाच्या आयुष्यातली पहिली नीट वैद्यकीय तपासणी ठरू शकते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, घटलेले वजन, रात्रीचा घाम एवढे विचारून संशयिताची थुंकी तपासली आणि एचआयव्हीची चाचणी त्याच्या संमतीने, गुप्तता राखून केली, तर उपचार लगेच सुरू होतात. चाचणीचा निकाल बराकीत फुटला तर मात्र त्या माणसाला आत जगणे अवघड होते आणि पुढचा कोणी चाचणीला तयार होत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत बंद्याला बाहेरच्या समाजाइतक्याच दर्जाची आरोग्यसेवा मिळावी आणि क्षय, एचआयव्ही यांच्या उपचारांत खंड पडू नये असे म्हटले आहे ते याचसाठी.

खंड पडतो तो बहुधा सुटकेच्या दिवशी. क्षयाचा नेहमीचा उपचार किमान सहा महिन्यांचा, आणि न्यायाधीन बंदी किती दिवस आत राहील हे कोणालाच सांगता येत नाही. हिंगोली जिल्ह्यातील न्यायालयीन कोठडी मिळालेले अनेक आरोपी परभणीच्या जिल्हा कारागृहात जातात. समजा औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजार परिसरातील एखादा तरुण तेथे क्षयाचा रुग्ण म्हणून नोंदला गेला, दोन महिने औषध घेतल्यावर खोकला थांबला आणि एका दुपारी जामिनाचा आदेश आला. संध्याकाळी तो गावच्या रस्त्याला लागतो. खिशात चार दिवसांच्या गोळ्या असतील किंवा नसतीलही. खोकला नाही म्हणून औषधाची आठवण होत नाही, आणि कारागृहात होतो हे सांगायला नको म्हणून तो आरोग्य केंद्राची पायरी चढत नाही. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधाला न जुमानणारा क्षय तयार होतो आणि तो घरातल्या लहान मुलापर्यंत पोहोचतो.

हे टाळण्याचे साधन आज हाताशी आहे. देशातील प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद ‘निक्षय’ या प्रणालीत होते आणि त्याला मिळालेल्या क्रमांकावर देशात कोठेही मोफत औषध चालू ठेवता येते. त्यासाठी कारागृहाच्या दवाखान्याने सुटकेच्या दिवशी रुग्णाच्या हाती महिन्याच्या गोळ्या आणि त्याचा क्रमांक लिहिलेला कागद द्यायचा, आणि त्याच्या गावच्या क्षयरोग पर्यवेक्षकाला एक दूरध्वनी करायचा, एवढेच काम उरते. प्रत्येक जिल्हा कारागृहाने ते नेमाने केले पाहिजे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी ते झाले की नाही हे दर महिन्याला विचारले पाहिजे.